चिनी भाषा, दुसरं वर्ष आणि 'ल' काही सुटेना. सांगली-साताऱ्याकडचं कोणी शिकलंय का?

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. मी सांगलीची, विश्रामबागेत घर. महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात चिनी भाषेत बी.ए. करतेय. दुसरं वर्ष नुकतंच संपलं. सुट्टीला घरी आलेय आणि चार दिवस झाले, वही उघडून नुसती बघत बसते. शेवटी आज हा धागा काढला.

पहिलं वर्ष फार आनंदात गेलं. रोज दहा अक्षरं गिरवायची. छपराखाली डुक्कर काढलं की 'घर' होतं, झाडाला टेकलेला माणूस म्हणजे 'विश्रांती', हे रात्री आईला फोनवर सांगायचं. दुसऱ्या वर्षात तो उत्साह आटला. आता अक्षरं ओळखीची वाटतात, पण वाक्य लागत नाही. एचएसके, म्हणजे चिनी किती येतं ते मोजणारी परीक्षा, तिच्यात तिसऱ्या पातळीपासून पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतला उच्चार, छापत नाहीत. चौथ्या पातळीला ऐकण्याचा भाग एकदाच लावतात. ४५ प्रश्न, साधारण अर्धा तास. मी तिसऱ्या प्रश्नाचा विचार करत असते तोवर पाचवा होऊन गेलेला असतो.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. क्रियापदानंतर नाहीतर वाक्याच्या शेवटी येणारा तो छोटासा, बिनसुराचा 'ल'. माझ्या वहीत त्याचे सहा नियम आहेत, सहाही इंग्रजीत. सहामाहीला 'माझं लहानपण' असा निबंध होता. लहानपण म्हणजे होऊन गेलेली गोष्ट, म्हणून मी अकरा ठिकाणी 'ल' घातला. वही परत आली तेव्हा त्यातल्या नऊंवर लाल काट होती. का, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

जे या टप्प्यातून पुढे गेलेत त्यांनी सांगावं, हे सुटतं कसं? एक उतारा वाचून त्याचं रेकॉर्डिंगही खाली जोडलंय, उच्चारातल्या चुका कळल्या तर बरं होईल.

हरभट_रोड :
सांगलीची मुलगी चिनी शिकतेय हे वाचूनच छान वाटलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय. जाणकारांनी नक्की या.

अजिंक्यतारा :
मी साताऱ्याचा, मंगळवार पेठेतला. पुण्याजवळच्या कारखान्यांत दुभाष्याचं काम करतो, मशीन बसवायला चिनी फिटर आणि इंजिनियर येतात त्यांच्याबरोबर. तुझा प्रश्न वाचला आणि मला माझी दुसऱ्या वर्षाची वही आठवली. तेच सहा नियम, त्याच इंग्रजीत.

माझा 'ल' कसा सुटला ते सांगतो. कामाला लागलो त्या पहिल्याच महिन्यात एका इंजिनियरला बोलवायला त्याच्या खोलीवर गेलो. दार वाजवलं. आतून आवाज आला, "लाइ ल, लाइ ल!" दार मात्र बंदच. अर्ध्या मिनिटाने चपला सरकवल्याचा आवाज आला आणि मग दार उघडलं. मी तिथेच उभा राहिलो. 'लाइ' म्हणजे येणं, आणि हा माणूस अजून आलाच नव्हता, तरी त्याने 'ल' लावला. आमची साताऱ्याची आत्या, दार वाजलं की स्वयंपाकघरातून ओरडते, "आले, आले!" तेव्हा तिचे हात कणकेत असतात, ती जागची हललेलीही नसते. पण आपण कोणी म्हणतो का, की आत्या भूतकाळात बोलली?

तिथून मी 'ल' मराठीतून ऐकायला लागलो. निघताना ते म्हणतात "वो चोउ ल", आपण म्हणतो "निघालो मी". अजून चप्पल पायात असते-नसते. पहिला थेंब पडला की ते म्हणतात "श्या यू ल", आपण म्हणतो "पाऊस आला बघ". भाव ऐकला की म्हणतात "थाइ क्वेई ल", आपण म्हणतो "फारच महाग झालं". आणि ज्याने माझी वर्षभराची गाठ सुटली ते हे वाक्य : "मिंग थ्येन छ्र ल फ़ान च्यौ चोउ." मिंग थ्येन म्हणजे उद्या. गोष्ट उद्याची आणि 'ल' मात्र आहे. इंग्रजीतून बघितलं तर डोकं धरून बसावं लागतं. मराठीत म्हणून बघ : "उद्या जेवलो की निघालो."

चिनीत काळ दाखवायला क्रियापद बदलत नाही. काल, उद्या, मागच्या वर्षी हे शब्दच ते काम करतात. 'ल' सांगतो की काहीतरी घडून पार पडलं, नाहीतर परिस्थिती पालटली. आपल्या 'आलो', 'निघालो', 'झालं' मध्ये ही जाण आधीपासून आहे. तू ती बाजूला ठेवून इंग्रजीच्या दारातून आत जायला बघतेयस. शिकवणं इंग्रजीतून होतं, त्याला इलाज नाही, वर्गात दहा राज्यांची मुलं असतात. पण वहीच्या समासात मराठी लिहायला कोणी अडवलेलं नाही.

कृष्णाकाठ :
अजिंक्यतारा, तुमचं वाचून मी उठून आईजवळ गेले आणि तिला म्हटलं, मला हाक मार. तिने मारली. मी म्हणाले "आले!" आणि जागेवरच उभी राहिले. तिला वाटलं हिला काहीतरी झालंय.

काल रात्री बसून जुन्या धड्यांतली 'ल'ची सगळी वाक्यं काढली. समोर इंग्रजी नाही, फक्त मराठी लिहिलं. चाळीसेक वाक्यांतली तीस तरी आपोआप बसली. पण माझ्या निबंधातले नऊ 'ल' का खोडले, ते अजून कळलेलं नाही. "लहानपणी मी सांगलीत राहत होते", "आजी खूप प्रेमळ होती", अशी ती वाक्यं आहेत.

वाईचा_घाट :
ते मी सांगते, कारण मीही तिथेच आपटले होते. मी वाईची, एचएसके पाचवी पातळी झाली आहे, आता एम.ए.

अजिंक्यतारा दादा म्हणतात ते बरोबरच आहे, पण मराठीच्या मागे डोळे मिटून गेलं तर तीसुद्धा खड्ड्यात नेते. "आलो", "झालं" हे 'ल'कारान्त रूप असेल तिथे चिनी 'ल' बऱ्याचदा बसतो. "होतो", "होती", "राहत होते", "जायचो" असं असेल तिथे हात आवरायचा. राहणं, प्रेमळ असणं, आवडणं, रोज शाळेत जाणं या घडून संपलेल्या घटना नाहीत, त्या तशाच चालू असलेल्या गोष्टी आहेत. भूतकाळातल्या असल्या तरी तिथे 'ल' नाही. 'लहानपणी' हा शब्द वाक्यात आला, काळाचं काम झालं. तुझी नऊ वाक्यं बघ, बहुतेक 'होते-होती'ची निघतील.

दुसरी गोष्ट, नकार. "मी जेवलो नाही" म्हणताना 'मेइ' आला की असा घडल्याचा 'ल' जातो. "वो मेइ छ्र", बस. आपल्याकडे 'जेवलो'मधला 'लो' नकारातही टिकतो, म्हणून आपण 'ल' चिकटवतो. ही चूक मी पाचव्या पातळीपर्यंत केली.

तिसरी, 'आहे'. "ती उंच आहे" म्हणताना आपली जीभ 'श्र', म्हणजे चिनी 'आहे', शोधते. चिनीत विशेषणाला 'श्र' लावत नाहीत. "था हन काओ" म्हणायचं. 'हन' म्हणजे खरं तर 'खूप', पण इथे तो बहुतेक वेळा नुसता वाक्याला टेकू देतो. तो नसेल तर ऐकणाऱ्याला वाटतं तुलना चाललीय, ही उंच आणि ती दुसरी बुटकी.

आणि मनाला लावून घेऊ नकोस. जुन्या मोजणीने तिसऱ्या पातळीला ६०० शब्द, चौथीला १२००, पाचवीला २५००, सहावीला ५०००. दर पायरीला साधारण दुप्पट. पहिल्या वर्षी जी मेहनत एक जिना चढवते, तीच दुसऱ्या वर्षी दोन पायऱ्या चढवते. आपण मंद झालेलो नसतो, जिना उंच झालेला असतो.

जुनी_पाटी :
मी निवृत्त शिक्षक, मराठी आणि संस्कृत शिकवलं. चिनी कधी शिकलो नाही, पण तुमच्या वाक्यांनी दोन दिवस झोप उडवली आहे. एक विचारतो. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन आहेत. "आम्ही गणपतीला जातोय" म्हटलं तर ऐकणारा घरी राहतो, "आपण जाऊ" म्हटलं तर तो चप्पल घालतो. हिंदीच्या एकट्या 'हम'मध्ये हा भेद नाही, इंग्रजीतही नाही. चिनीत आहे का?

अजिंक्यतारा :
सर, आहे! 'वो मन' आणि 'चान मन'. 'चान मन' म्हणजे आपलं 'आपण', ऐकणाऱ्याला धरून. तो जास्त करून उत्तरेकडच्या बोलण्यात ऐकू येतो, आणि 'वो मन' दोन्ही अर्थांनी चालतं. पण एखादा बीजिंगकडचा माणूस 'चान मन' म्हणाला की मला लगेच कळतं, यात मी पण आलो. वर्गातल्या हिंदी पट्ट्यातल्या मित्रांना हे समजावून सांगावं लागायचं.

तुम्ही विषय काढलाच आहे तर अजून एक. या टप्प्यावर उताऱ्यात लांबलचक वाक्यं येतात, ज्यात नामाच्या आधी मोठं शेपूट असतं आणि मग 'त'. "च्वो थ्येन माइ त शू." इंग्रजीतून जाणारा आधी शेवटचा 'शू', पुस्तक, पकडतो आणि उलटा मागे येतो, पुस्तक जे की काल घेतलं. आपण कशाला मागे जायचं? च्वो थ्येन, काल, माइ त, घेतलेलं, शू, पुस्तक. "काल घेतलेलं पुस्तक." शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. तसंच "मी उद्या सांगलीत मैत्रिणीबरोबर जेवणार आहे" या वाक्यात वेळ, जागा, सोबत आणि मग क्रिया, हाच क्रम चिनीत. 'टेबलावर'मधला 'वर'सुद्धा टेबलानंतरच लागतो. ऐकण्याच्या पेपरात वेळ जातो तो या उलटापालटीत. डावीकडून उजवीकडे सरळ मराठीत ऐकत गेलीस तर पाचव्या प्रश्नाला पाचव्यावरच असशील.

जुनी_पाटी :
तुम्ही लिहिलेले उच्चार बघून पुढचं विचारतो. इंग्रजीत 'बीजिंग' लिहितात ते मुळात काय आहे?

वाईचा_घाट :
"पेइचिंग"च्या जवळचं, सर. पिनयिन १९५८ साली लागू झालं. त्यात रोमन अक्षरं आहेत, पण ती इंग्रजीसारखी वाचायची नाहीत. 'बी' म्हणजे आपला प, 'पी' म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फळातला फ. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. प-फ, त-थ, क-ख हा फरक आपण बालवाडीपासून म्हणतोय, तरी रोमन अक्षर दिसलं की ब आणि ड म्हणतो.

'झेड' हा तर अगदी घरचा. तो 'चाक', 'चूल', 'चोच' यातला च. 'जे' हा 'चिमणी', 'चिंच' यातला. मराठीत दोन्ही च एकाच अक्षराने लिहितो म्हणून आपल्यालाच कळत नाही की आपल्याकडे दोन आहेत. वरच्या 'चान मन' आणि 'चोउ'मधला च चाकाचा आहे, 'पेइचिंग'मधला चिमणीचा. फक्त जीभ वळवून म्हणायचे 'झेडएच', 'सीएच' तेवढे वेगळे शिकावे लागतात. ते ट म्हणताना जीभ जिथे जाते त्याच्या आसपास जाऊन म्हणायचे.

तंबोरा :
मी मिरजेचा. आमच्या घरात तंबोरे आणि सतारी बनतात. चिनी येत नाही, पण कृष्णाकाठने जोडलेलं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

ताई, तू प्रत्येक शब्दाला स्वतंत्र सूर लावतेस. एक शब्द संपला की थांबतेस, पुन्हा नवा लावतेस. खाली जाऊन वर येणारी जी एक जागा आहे, ती दर वेळी पूर्ण घेतेस, तळाला जाऊन परत वर. त्यात वाक्याची लय मोडते. सोबत मूळ वाचन जोडलंयस, त्यातली बाई तसं करत नाही. ती तिथे खाली जाते आणि खालीच राहून पुढच्या शब्दाकडे सरकते. फक्त एकदा, वाक्याच्या शेवटी, वर आली.

आणखी एक जाणवलं. तुझा आवाज तिच्यापेक्षा चढा आहे, आणि तू तिच्या पट्टीत म्हणायला बघतेस. आपापला सा असतो. काळी चारवाल्याने पांढरी पाचमध्ये गळा ताणू नये.

वाईचा_घाट :
तंबोरा, तुम्ही चिनी न शिकता जे ऐकलंत ते आम्हाला कोणी तीन सत्रांत सांगितलं नव्हतं! तुम्ही म्हणताय तो चिनीतल्या चार सुरांपैकी तिसरा सूर. पुस्तकात तो खाली जाऊन वर येणारा म्हणून काढलेला असतो, पण ते चित्र एकट्या शब्दाचं. वाक्यात पुढे वेगळा कुठलाही सूर असेल तर तो खालीच राहतो. दोन तिसरे सूर लागोपाठ आले तर पहिला वर चढतो, दुसऱ्या सुरासारखा. 'नी हाओ', म्हणजे नमस्कार, यात तेच होतं. आणि सूर सापेक्ष आहेत हेही खरं, ज्याने त्याने आपल्या आवाजाच्या तळापासून माथ्यापर्यंत मोजायचे.

बेदाणा_सौदे :
मी तासगाव भागातला, बेदाण्याच्या व्यापारात आहे. प्रतवारीचं मशीन चीनमधून आणलं तेव्हा सहा महिने कामापुरतं चिनी शिकलो. एकच अनुभव सांगतो, सुरांवरून आठवला.

मशीनवाल्याशी फोनवर बोलताना मी सांगत होतो की आम्ही बेदाणा विकतो. विकणं म्हणजे 'माइ', वरून खाली आपटणारा. घेणं म्हणजेही 'माइ', पण तो खालच्या पट्टीतला. माझा आपटलाच नाही. तो माणूस पाच मिनिटं मला बेदाण्याचे भाव देत होता, त्याला वाटलं मला बेदाणा घ्यायचाय. जो माणूस रोज सौद्यात बसतो त्याला घेणं आणि विकणं यात फरक फक्त एका सुराचा आहे, हे कायमचं लक्षात राहिलं.

कृष्णाकाठ, तुझ्या धड्यांत थूलूफ़ान आलंय का? वायव्येकडचा प्रदेश, द्राक्षांसाठी नावाजलेला. तिथे कच्च्या विटांच्या, भोकाभोकांच्या भिंतींच्या खोल्या बांधतात आणि गरम कोरड्या वाऱ्यावर सावलीत द्राक्षं सुकवतात. बेदाण्याला 'फूथाओ कान' म्हणतात. फूथाओ द्राक्ष, कान म्हणजे सुकं.

कृष्णाकाठ :
आलंय! चौथ्या सत्रात उतारा होता. वर्गात कोणाला त्या भोकांच्या भिंती डोळ्यासमोर येईनात. मला मात्र मामाच्या शेडवरच्या जाळ्या दिसल्या, डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, टाकलेली द्राक्षं आणि तो आंबूस गोड वास. त्या उताऱ्यातला एकही शब्द मला पाठ करावा लागला नाही. हे आत्ता तुमच्यामुळे लक्षात आलं.

अजिंक्यतारा :
हेच. असे शब्द गोळा कर, जे मराठी घरात आधीच आहेत. पाहुणा निघाला की चिनी माणूस म्हणतो "मान चोउ", शब्दशः हळू चाल. त्यावर वर्गात चर्चा झाली होती की असं का म्हणतात. आपल्या दारात रोज म्हणतात, "सावकाश जा हं." भेटल्यावर "छ्र ल मा?", जेवलात का? लिची जास्त खाल्ली की म्हणतात "शांग ह्वो", तोंड येतं, घसा धरतो. त्याला मराठीत दोन शब्द पुरतात, उष्ण पडलं.

आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं लक्षात ठेव. सोलापूरचा माणूस, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला. तिथेच भाषा शिकला, तिथल्या मुलांना वैद्यक शिकवलं, १९४२ मध्ये तिथेच वारला. चिनी नाव ख तीह्वा. मुलाचं नाव यिनह्वा ठेवलं, यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. माझ्याबरोबरचे वयस्कर इंजिनियर मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर पहिलं हेच नाव काढतात.

हरभट_रोड :
मी काही न समजता आलो होतो, आता बायकोला "मान चोउ" म्हणतोय.

जुनी_पाटी :
यात माझी एक भर. ह्युएनत्संग सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला, तेव्हा त्याने आपल्या मुलखाचं नाव चिनी अक्षरांत 'मो ह ला छा' असं लिहिलं. महाराष्ट्र ऐकून त्याच्या जिभेला जे जमलं ते. तुम्ही लोक आज उलट्या दिशेने तेच करताय. कृष्णाकाठ, निबंध पुन्हा लिहिलास का?

कृष्णाकाठ :
लिहिला, सर. काल रात्री. आधी पूर्ण मराठीत, मग त्याच क्रमाने चिनीत. 'होते-होती' जिथे आलं तिथे पेन उचललं. सगळ्या निबंधात मिळून चार 'ल' राहिले. एक आजीच्या वाक्यात आहे. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी वाढायला लागलं तेव्हा गावभागातल्या घरातून आजी खिडकीत उभी राहून म्हणाली होती, "पाणी आलं." पाणी तेव्हा अजून दोन गल्ल्या लांब होतं. मी लिहिलं, "श्वेइ लाइ ल." तो 'ल' कुठल्या नियमाने घातला ते मी विचारलंच नाही.

वाईच्या ताईंना निबंध पाठवतेय, त्यांनी खोडावं. आणि ऐकण्यासाठी ठरवलंय, रोज एका मिनिटाचा तुकडा, दहा वेळा ऐकायचा, मग न थांबता त्याच्याबरोबर म्हणायचा, माझ्याच पट्टीत.

सुट्टी अजून तीन आठवडे आहे. सांगली-मिरज-तासगावातल्या कोणाला बोलायचा सराव करायचा असेल तर रविवारी सकाळी आठला आमराईत भेटू या का? तंबोरा, तुम्ही नुसतं ऐकायला या.

तंबोरा :
येतो. मुलीलाही आणतो.

बेदाणा_सौदे :
रविवारी मी मोकळा. लाइ ल, लाइ ल!